तुझ्या नावाचे गहू

भेस्तान, सुरत
कानबाईच्या विसर्जनानंतरचा बुधवार

चि. गजेंद्रास आईचे आशीर्वाद.

माझी तब्येत बरी आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेजारच्या ताराच्या नवऱ्याजवळ ही चिठ्ठी देते आहे. किसन कडोदऱ्याला तुझ्याच गल्लीत लूमवर जातो, तेव्हा मिळाली नाही म्हणायची सोय नाही.

यंदा कानबाई एकटीनेच बसवली. देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजायचे. तुझे वडील गेल्यावर राहिलास तू एकटा. एवढंसं दळण बघून गिरणीवाला म्हणाला, "बस, आटलुं ज?"

रोट करता करता छाती अशी धडधडायला लागली की लाटणं हातातून सुटलं. ताराने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिला सांगितलं, उपास होता म्हणून हृदयाची गोळी घेतली नाही.

ते खोटं. गोळी मी आठवडाभर बंद ठेवली होती.

वडिलांना उचललं तेव्हा माझ्या छातीत धडधड नव्हती, हात थरथरला नाही, डोळ्यांत पाणी नाही. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "माय, तुले काहीच वाटनं नही?" आणि निघून गेलास. पुढे मलाही तसंच वाटायला लागलं. म्हटलं, ही गोळीच मेली आड येत असेल. बंद करून बघावं, रडू येतं का.

डॉक्टरांना मात्र खरं सांगितलं. ते खूप रागावले. म्हणाले, धक्का बसला की डोक्यातून निरोप निघतो, कण्याशेजारच्या नसांच्या गाठींतून हृदयापर्यंत जातो. गोळी त्याचा जोर कमी करते. एकदम बंद केली की हृदय उधळतं. मी विचारलं, मग माझं दुःखही हीच अडवते का? ते माझी नाडी धरून म्हणाले, "बा, गोळी धबकारा रोके, दुःख नहीं."

मी तिथेच खुर्चीत बसून रडले. फार रडले रे. नर्सने दार लोटून घेतलं.

गोळी परत सुरू केली आहे. रोट मात्र तसेच आहेत. भाऊबंदांबाहेर देता येत नाहीत, ताराने जीव वाचवला तरी तिच्या घरी तुकडा पाठवता आला नाही. पौर्णिमेच्या आत संपायला हवेत. दुधात कुस्करून खाते, पण एवढेसे असूनही एकटीला संपत नाहीत.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तुझ्या नावाचे आहेत, खाऊन जा.

नाडी शांत असलेली, पण तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आई