फळ्याच्या कोपऱ्यातले शब्द

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इंग्रजीत कुणी नवा शब्द जुळवला की मी अजून तुमच्याकडेच बघते. मागे ‘लेस’, ‘एबल’ काहीही चिकटवायचं, की झाला शब्द! राजवाड्यामागच्या आपल्या शाळेत असा शब्द तुम्ही लगेच खोडत नसायचात. फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचात आणि म्हणायचात, "आठवडाभर राहू दे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी आपणहून आला तर चालेल, नाही तर पुसून टाकू."

बाबांची गिरणी बंद पडली, त्या साली मी निबंधात त्यांना ‘टॉकलेस’ लिहिलं होतं. तुम्ही चिडलात. "सायलेंट है ना, फिर ये क्या नवीन काढलंस?" मी म्हटलं, "सायलेंट माणूस मनात आणलं तर बोलतो, बाई. बाबांजवळचं बोलणंच खतम झालंय." तुम्ही तो शब्द कोपऱ्यात लिहिलात. आठवडाभर कुणी उच्चारला नाही. शनिवारी मी डस्टर घेऊन उभी आहे, आणि तुम्ही हळूच विचारता, "बाबा अजून टॉकलेसच का गं?" मला रडूच फुटलं. त्या दिवसापासून इंग्रजी मला आपली वाटू लागली, आणि पुढे तिच्यावरच माझं पोट चाललं.

ऑफिसात मी लोकांचं इंग्रजी तपासायची. आता ते काम मशीन करतं. गेल्या सोमवारी माझ्या मुलाच्या वयाचे साहेब गोड आवाजात म्हणाले, "मॅडमजी, टेन्शन नका घेऊ, तुमची पोस्ट रिलीजेबल झाली आहे, बस." काढून टाकतोय म्हणायची हिंमत नाही, म्हणून हे शेपूट. मी मनातल्या फळ्यावर तो शब्द लिहिला आणि वाट बघत बसले, कुणीतरी हसेल, निदान अडखळेल. कुणी अडखळलं नाही. दोन दिवसांत चहावाले भियासुद्धा विचारत होते, "आपका भी रिलीजेबल हो गया क्या?" तुमच्या नियमाने शब्द पास झाला, बाई. बाबांचं दुःख सांगणारा शब्द एकट्या तुम्ही उचललात, आणि हा मेला सगळ्यांच्या तोंडी बसला. मग इतकी वर्षं मी कशाची राखण करत होते, मला खरंच कळत नाही.

हे पत्र पाठवू कुठे? पत्ता असता तरी पाठवलं नसतं. काल मुलाचा फोन आला, "आई, काय झालं?" ‘मला काढलं’ हे काही केल्या तोंडातून निघेना. मग मीही तोच शब्द वापरला, आणि सांगणं सोपं गेलं.