सतरा नंबरचं घर

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून संस्थेचा सर्व्हे. विठ्ठलवाडीतली चाळीस भाड्याची घरं. कोण किती वर्षं टिकतं, का सोडतं. आमचं संशोधन कपाटात पडून राहणार नाही, वस्तीच्या कामी येईल. प्रमोदिनी मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, दर्शना, आधी फॉर्म नीट भर.
सतरा नंबरला आमचंच घर. नऊ वर्षं, एकच मालक महिपतकाका, करार तोंडी. स्थिरता: उत्तम. आई म्हणाली, काकांकडे कधी कराराचा विषय काढला नाही म्हणून राहिलोय. आईला डेटा कळत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
निष्कर्ष आला. तोंडी करारवाली कुटुंबं सगळ्यात आधी निघतात. (आम्ही अपवाद.) पुढच्या रविवारी चाळीत सभा, मालक आणि भाडेकरू समोरासमोर. आई म्हणाली, अगं, काकांना नको बोलावूस. बोलावलं.

रविवार, २३ फेब्रुवारी
सभा यशस्वी. नऊ जण, त्यात चार घरचे. कराराचे आणि नोटिशीचे नमुने वाटले. काका म्हणाले, पोरी, इतकी वर्षं मी येडाच. अकरा महिन्यांचा करार केला की बाराव्याला खोली माझ्या हातात. मी म्हटलं, अगदी बरोबर. पप्पा चहा न घेताच उठले. अ‍ॅसिडिटी.

शनिवार, १ मार्च
काकांनी रजिस्टर्ड करार करायचं ठरवलं. चाळीतला पहिलाच. त्यांच्या भाचीशी, आमच्या खोलीचा. आम्हाला महिनाअखेरपर्यंत मुदत. नोटीस माझ्याच नमुन्यावर, एकही चूक नाही. काकांशी बोलेन. ऐकतील.

गुरुवार, २० मार्च
बोलणं राहिलं. वॉर्ड ऑफिसला पत्र दिलं, पोच मिळाली. आई भांडी गोणीत भरत होती. म्हटलं, थांब, उत्तर येईल. ती म्हणाली, तुझ्या फायली कढईत ठेवू की वर?

सोमवार, ३१ मार्च
शहाड. नवी खोली हवेशीर. दार नीट लागत नाही. पप्पा न जेवताच झोपले. सामान उचलून दमले असतील.

सोमवार, ४ ऑगस्ट
सहा महिन्यांनी फेरभेट. सतरा नंबरचं दार काकांच्या भाचीने उघडलं. ती मला ओळखत नाही. फॉर्मप्रमाणे विचारलं, आधीचं कुटुंब कुठे गेलं? ती म्हणाली, काय माहीत ताई. मामा सांगतात, मुलगी शिकलेली होती, झाली असेल कुठेतरी सोय.
तिने पाणी दिलं. आमच्या माठाच्या जागी तिचा माठ.
नवा पत्ता: माहीत नाही. घर सोडण्याचं कारण: सभा.
ते खोडून 'वैयक्तिक' लिहिलं. अठरा नंबरला गेले.