मोहिनी की तुफान

ता. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझी तब्येत उत्तम. ह्यांचं मात्र काही खरं नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून खुर्ची सोडत नाहीत, तोंड उघडत नाहीत. जन्मभर यंत्रांचे सुटे भाग तपासून पास-नापास ठरवलं, आता घरात तपासायला काही उरलं नाही. काहीही विचारलं की नुसती मान हलते. काल मुद्दाम चहात मीठ घातलं, तर मुकाट्यानं पिऊन टाकला! मग मात्र मला रडू आलं. ह्यांना या खुर्चीतून उठव रे बाबा.

तुझी, ताई

ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

मिठाचा चहा वाचून हबकलोच. रोजच्या प्रार्थनेत भावोजींचं नाव घेतो, पण सगळं देवावर टाकून कसं चालेल? सोबत डबा पाठवतोय. माझ्या दुकानात हल्ली गिऱ्हाइकं आमिष म्हणून गळ बसवलेले प्लास्टिकचे नकली मासे मागतात. ‘मोहिनी’ आणि ‘तुफान’, दोन कंपन्या, आणि दोन्हींचा दावा एकच, की खरे मासे आमच्यालाच भुलतात. भावोजींना म्हणावं, तुमच्या गावच्या तळ्यात टाकून बघा आणि सरस कोणता ते कळवा. नुसत्या परीक्षेपायी कुणाचा जीव जायला नको, म्हणून गळ काढून ठेवलेत. हस, हस! गळ विकणारा दुकानदार आणि ही जीवदया!

माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझा, धाकटा

ता. १८ ऑगस्ट

चि. धाकट्यास ओंजळ भरून आशीर्वाद.

अरे, बोलले! डबा नुसता पडून होता, म्हणून मीच दोन्ही मासे न्हाणीघराच्या टाकीत सोडून दोरीनं ओढत बसले. तुफान पोट वर करून उलटा तरंगू लागला. मागून आवाज आला, तुझ्या भावाला अक्कल नाही. गळ काढले की वजन गेलं, तोल गेला, मग तुलना कसली डोंबलाची! दोरी माझ्या हातातून सुटलीच. मग ह्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला, तारेचे बोथट तुकडे कापले आणि खोक्यावर छापलेल्या वजनाशी जुळेपर्यंत गळांच्या जागी बसवत राहिले. आता टाकी त्यांच्या ताब्यात आहे, आंघोळीलाही परवानगी लागते. पण तळ्याचं नाव काढलं की पुन्हा मान हलते.

तुझी, ताई

ता. २४ ऑगस्ट

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

मला अक्कल नाही, हे तुमचं वाक्य आल्यागेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. पण लहान तोंडी मोठा घास घेतो. टाकीत मासे नसतात. ताई एकटीच तळ्यावर जाणार आहे म्हणे, आणि तिला तुफान आवडलाय. तिचाच निकाल धरून मी माल मागवतो.

कृपा असू द्यावी.

आपला, धाकटा

ता. २ सप्टेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझी बहीण लबाड आहे, हे प्रथम नोंदवतो. तिला एकटीला निकाल लावू देणं शक्य नव्हतं, म्हणून गेलो. मोहिनी माझ्याकडे, तुफान तिच्याकडे, थोड्या वेळानं अदलाबदल, असं ठरलं होतं. मोहिनी सरळ पोहते, डोल सुबक, रंग पक्का. तुफान वाकडा पळतो, नाकाशी जोड कच्चा. हे मी मोठ्यानं समजावून सांगत होतो आणि मासे एकामागून एक येऊन तिच्या तुफानाला तोंड मारून जात होते! काठावरचे लोक हसले. मी म्हटलं, हा योगायोग. ती म्हणाली, माशांना तुमचा पास-नापास कळत नाही. अदलाबदलीची वेळ झाली तर तिनं दोरी दातांत धरली! वाटभर वाद घातला. जेवतानाही घातला. शेजारणीनं खिडकी उघडून विचारलं, सगळं ठीक आहे ना. म्हटलं, अजिबात नाही, या, तुम्हीही ऐका.

तूर्त दोन्हींपैकी एकही मागवू नकोस. एका दिवसाच्या परीक्षेवर शिक्का मारणाऱ्यांतला मी नव्हे. ढगाळ हवेत, वाऱ्यात, गढूळ पाण्यात, रोज जाऊन बघावं लागेल. बहुधा वर्ष जाईल. ती चपला घालून दारात उभी आहे आणि आवरा म्हणते आहे. माझी मोहिनीही तिनं आधीच पिशवीत टाकलेली दिसते. तेव्हा उरलेलं मागाहून. जीव लावत राहा.

तुझे, भावोजी