मेलेल्या मालाला पाणी

प्रिय ताई,

तुझी चिठ्ठी पोचली. दोनदा वाचली, एकदा घाईत आणि एकदा नीट. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे. सातवीत सर म्हणाले होते, याची वही वाचायची तर यालाच शेजारी बसवावं लागतं. तेव्हा सावकाश वाच. फोनवर तू विचारतेस आणि मी नुसतं हं हं करतो, म्हणून लिहायला बसलो.

न्हाणीघराच्या भिंतीला टाइल कशाने चिकटवायच्या आणि सांध्यांत काय भरायचं, असं विचारलंस. दुकानदार डब्यातला तयार लगदा गळ्यात मारेल, झाकण उघडा आणि लावा म्हणेल. घेऊ नकोस. शॉवरखाली रोज पाणी बसलं की तो मऊ पडतो. पोत्यातली पावडर घे, ओल्या जागेसाठी असं पोत्यावर लिहिलेलं असतं. त्याआधी भिंतीला पाणी अडवणारा थर दोनदा द्यायचा, मधे पूर्ण सुकू द्यायचा. कारागीर दातेरी थापीने माल ओढतो का ते बघ. कंगवा फिरवल्यासारख्या रेघा उठल्या पाहिजेत, सगळ्या एकाच दिशेने. पहिली टाइल लावली की लगेच काढून दाखव म्हणायचं. मागे सगळीकडे माल लागलेला दिसला तर कारागीर खरा. तो तोंड वाकडं करेल, करू दे.

मी बरा आहे. वर्षातली ही तिसरी जागा. एका मजल्यावर चाळीस न्हाणीघरं, सगळी एकसारखी, त्यामुळे जेवून आलो की मी हमखास दुसऱ्याच्याच भिंतीपुढे जाऊन उभा राहतो. मुकादम म्हणतो, तुझ्या पायांना सुट्टी दे आणि हातांना कामाला लाव. आईची आठवण येते. हा बसला तरी याचे पाय चालतात, असं म्हणून तिनेच मला भिंगऱ्या केलं.

ती फिकी हिरवी टाइल आईनेच निवडली होती, आठवतं? दुकानात बोट ओलं करून प्रत्येक टाइलवरून फिरवलं, आणि दुकानदाराला म्हणाली, डाग दिसला तर तुम्ही पुसायला येणार का? जन्मभर बादलीतून तांब्याने अंघोळ केलेली बाई. पहिल्यांदा शॉवरखाली उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, हात न हलवता अंघोळ झाली, मला पाप लागणार. फोनवर मला हे सांगताना बाबा किती हसले होते. भिंत लागली तेव्हा तू नव्हतीस. तुझ्या सासूबाई आजारी होत्या म्हणून मी सुट्टीवर घरी होतो त्या चार दिवसांत तुला यायला जमलं नाही.

सांध्यांसाठी इपॉक्सी ग्राउट घे. महाग वाटेल, पण पाणी पीत नाही आणि काळं पडत नाही. टाइल लावून एक पूर्ण दिवस जाऊ दे, मगच सांधे भरायला सांग. जिथे दोन भिंती भेटतात त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट नको, तिथे सिलिकॉन. भिंती थोड्या हलतात, ग्राउटला तडा जातो.

आता कालवण्याचं. चिकटवायची पावडर बादलीत थोडी थोडीच कालवायला सांग. तासाभरात ती घट्ट व्हायला लागते. झाली की फेकून द्यायची. वरून पाणी घालून ढवळली की परत लोण्यासारखी दिसते, टाइल पकडतेसुद्धा, पण ती पकड खोटी असते. बाबा सिमेंटच्या काळातले गवंडी, त्यांना पावडरीतलं कळत नाही असं मी म्हणायचो. पण त्यांचं एक वाक्य होतं, मेलेल्या मालाला पाणी पाजू नये.

तू लिहिलंस, या वेळी त्यांना भिंतीला हातही लावू देणार नाही, बाहेरचा माणूस आणणार. आणि दहा महिने झाले, बाबांचा डबा त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून तू न बोलता परत जातेस. तेवढं वाचून मी कामावर गेलो आणि दिवसभरात एक ओळ सरळ लागली नाही.

ताई, ती हिरवी भिंत बाबांनी लावली नव्हती. त्यांची कंबर धरली होती, ते खाटेवर पडून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाडी पकडायची होती. चार दिवसांतले तीन मी इकडेतिकडे घालवले आणि शेवटच्या दिवशी अख्खं पोतं एकदम कालवलं. शेवटच्या ओळींपर्यंत माल घट्ट झाला. मी पाणी घातलं. संध्याकाळी बाबा भिंतीला धरत आले, नाण्याने टाइल वाजवत गेले आणि म्हणाले, डावीकडे तिसऱ्या ओळीत पोकळ वाजतंय, काढ. मी म्हणालो, तुमचे कान पोकळ झालेत. माझी बॅग भरलेली होती.

आईने टेकायला हात ठेवला तो त्याच ओळीवर. टाइल सुटली आणि ती टाइलबरोबर खाली आली. तिला दवाखान्यात नेल्यावर बाबांचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, भिंत माझी होती, सगळ्यांना तसंच सांगितलंय, तू तिकडे नीट काम कर. मी हं म्हणालो. आई गेल्यावर आलो, तुझ्या शेजारी बसलो. तू बाबांकडे पाठ केलीस तेव्हाही बघत होतो, आणि गप्प होतो.

ग्राउट आणि पावडर कुठली घ्यायची ते चार ओळींत लिहिता आलं असतं. हे सगळं त्यासाठी लिहिलं नाही. माझ्याशी बोलू नकोस, मला चालेल. पण आज डबा कडीला अडकवू नकोस, आत जा आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव. नको नको म्हणतील, तरी दाखव. भिंत तयार झाली की त्यांच्या हातात एक नाणं दे आणि ती वाजवायला सांग. ते पोकळ म्हणाले, तर काढायला लाव.

तुझाच,
भिंगऱ्या