कॅमेऱ्यात राहिलेला रोल

प्रिय दादा,

आज टपालवाल्याने तुझ्या नावाची पुठ्ठ्याची डबी आणून दिली. सायकल फाटकाला टेकवून त्याने नेहमीसारखी हाक मारली, "फोतो मास्तर! तुमची माणसं बोटीतून उतरली हो!" मग त्याचं त्यालाच आठवलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. तुझ्या नावापुढे मी माझी सही केली.

रोल धुवायला बोटीने परदेशी पाठवताना पाकिटावर मीच तुझं नाव घातलं होतं. का घातलं? सवय म्हणून, की कुठेतरी अजून तुझ्या नावाने काही येत राहावं म्हणून? हे सगळं रोजच्या वहीत लिहायला बसले, पण तिथे तू 'तो' होतोस. ते सोसवेना. म्हणून तुलाच लिहिते आहे.

आठवतं, तू हे रंगीत फोटोंचं खूळ कशापायी घेतलंस? बाबांच्या पागोट्यापायी! भिंतीवरच्या त्यांच्या फोटोत पागोटं काळपट दिसतं. आई म्हणायची, केशरी होतं. काका शपथ घेऊन सांगायचे, लाल. तू दोघांची तोंडं बघत राहिलास आणि म्हणालास, "माणूस जाऊन वीस वर्षं झाली नाहीत, तर त्याच्या डोक्यावर काय होतं ते घरात कुणाला सांगता येत नाही!" पुढच्याच महिन्यात तू पोर्ट लुईहून रंगीत फिल्म घेऊन आलास.

मग आठवडाभर कचेरीत कारकुनी आणि रविवारी गळ्यात कॅमेरा. लोक लग्नाला बोलवायचे, तर तू जायचा नाहीस. तुला हवी फ्लाकच्या बाजारातली वांग्यांची रास, उसाच्या गाडीमागे लोंबकळणारी पोरं, चिन्याच्या दुकानातल्या गोळ्यांच्या बरण्या, नदीवर लुगडी आपटणाऱ्या बायका. "हे कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणालास, "हे आहे तसं राहणार नाही." मला तेव्हा ते उगीच मोठं बोलणं वाटलं होतं. मग बेटावर मोठं वादळ आलं आणि आपल्या ब्रीझे वेर्दिएर गावातली निम्मी गवती छपरं एका दिवसात गेली. आता ती छपरं तुझ्या डब्यांतच उरली आहेत.

गावच्या बैठकेत, सभेच्या त्या खोलीत, धोतराचा पडदा ताणून तू यंत्राने चित्रं दाखवायचास, त्या संध्याकाळी आठवतात का रे? सगळं गाव जमिनीवर बसलेलं. "आयो, ती माझी गाय!" "गाय नव्हे गो, तू आहेस ती! नीट बघ!" आणि मग जो हशा उसळायचा, त्यात धोतरावरचं गावही हलायचं. तू मात्र हसायचा नाहीस. यंत्राजवळ कपाळाला आठी घालून उभा. एखाद्या चित्रात खालच्या कडेला तुझी सावली आली असली की म्हणायचास, "सावली आली. बाद!" आणि घरी गेल्यावर ते चित्र चुलीत.

ऊन पाठीमागे असल्याशिवाय रंग नीट उतरत नाहीत, हे तूच मला शिकवलंस. पण ऊन पाठीमागे, म्हणजे सावली पुढे. म्हणून तू आपला उकिडवा बसून, कधी झाडाच्या सावलीत शिरून ती लपवायचास. कॅमेरा डोळ्याला लावलास की तुझी दोन्ही कोपरं बाजूला निघायची. आई ओट्यावरून ओरडायची, "आली बघा कढई! दोन कानांची!"

आणि तिचं तुझं भांडण तर कधी मिटलंच नाही.

"फोतो काढायचा तर नवं लुगडं नेसू दे. केस विंचरू दे."

"मग नको. तू आहेस तशी हवीस."

"आहे तशी म्हंजे कशी रे? राखेत लोळल्यावाणी? मेल्या, साऱ्या मुलखाची वांगी काढलीस, आईला चांगल्या लुगड्यात काढायला तुजं काय जातंय?"

तू हट्टी आणि ती तुझी आई! शेजारणींची चित्रं निघाली, त्यांच्या गाईंची निघाली, पण आईचं एकही नाही. दादा, एकदा नेसू द्यायचं होतंस रे तिला ते नवं लुगडं. काय बिघडलं असतं?

शेवटच्या रविवारी मात्र तू तिला फसवलंस. सकाळचं कोवळं ऊन होतं. ती पायरीवर बसून ब्रेदची पालेभाजी निवडत होती, अंगावर ते जुनं हिरवं लुगडं. तू मागच्या दारानं जाऊन समोर उभा राहिलास आणि हाक मारलीस, "आये!" तिनं वर पाहिलं आणि तू खटका दाबलास. तिनं भाजीची जुडी तुझ्यावर फेकली. मी आतून दोघांचं हसणं ऐकलं. मी बाहेर आले नाही. शाळेच्या वह्या तपासत होते.

गुरुवारी सकाळी बसच्या थांब्यावर तुझ्या छातीत कळ आली.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. गेलेल्याच्या रोजच्या हातातली वस्तू त्याच्याच धोतरात बांधून ट्रंकेत ठेवायची आणि वर्षश्राद्धाआधी गाठ सोडायची नाही. बाबांचा कोयता असाच ठेवला होता. कोयत्याला वर्षभरात गंज चढतो, तो घासला की निघतो. आईने तुझा कॅमेरा तसाच बांधला.

मी म्हटलं, "आई, आत रोल आहे. लगेच धुवायला पाठवावा लागतो. उन्हाळ्यात ट्रंकेचा पत्रा तापतो, मग दमट हवा. रंग जातात."

"वर्स होईस्तोवर त्याचं त्याच्याकडं ऱ्हाऊ दे."

"तुझा फोटो आहे त्यात."

"म्हनून तर."

ट्रंकेची किल्ली माझ्याच हाताला लागेल अशी होती. आईला न सांगता गाठ सोडायला हवी होती का? तू असतास तर सोडली असतीस? मी वर्षभर हा प्रश्न घोळवला. एक दिवस वाटायचं, रीत माणसांसाठी असते. दुसऱ्या दिवशी वाटायचं, मुलगा गेलेल्या बाईकडून तिची एवढीशी गाठही काढून घ्यायची का?

त्या वर्षात आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. आता ती मला आवाजाने ओळखते. वर्षश्राद्ध झालं, पिंड दिले, आणि तिने स्वतः चाचपडत गाठ सोडली. कॅमेऱ्याच्या कातड्यावर पांढरी बुरशी आली होती. ती बोटांनी पुसत म्हणाली, "आता धाड तो रोल. माजे डोळे पुरते जायच्या आत मला बघायचंय."

"तुझा फोटो?"

"मला माजं काय बघायचंय गं? त्यानं हाक मारली आन् मी बघितलं. तवा तो समोर व्हता."

दादा, तेव्हा कुठे मला कळलं तिला काय हवं होतं: तुला बघणारी तिची ती नजर. तुझं एकही रंगीत चित्र नाही. सगळ्या गावाला रंगात ठेवलंस, आणि स्वतः कचेरीच्या कार्डावर काळापांढरा राहिलास.

आज संध्याकाळी शाळेतलं यंत्र मागून आणलं. खिडक्या लावल्या, भिंतीवर तुझंच धोतर ताणलं. पहिली चित्रं लागली. नुसता गुलाबी धूर! बाजार कुठला, बस कुठली, काही ओळखू येईना. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. आई समोर पाटावर बसली होती. "काय हाय?" ती विचारी. "बाजार आहे," मी म्हणे. खोटं नव्हतं, पण खरंही कुठे होतं?

मग पायरी आली. आईचं हिरवं लुगडं विटकरी झालं होतं. चेहऱ्यावर नेमका डाग, डोळे नाहीत की हसू नाही. ज्यासाठी वर्षभर थांबलो तेवढंच गेलं होतं. तिला कसं सांगू? मी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"थांब," आई म्हणाली.

ती उठली. हात पुढे करून, उजेडाच्या कडेकडेने भिंतीपर्यंत गेली. चित्राच्या खालच्या भागात, पायरीसमोरच्या मातीवर, एक मोठा काळा आकार लांब पडला होता. माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आईने त्यावर तळहात ठेवला. डोक्यापासून हात खाली आणला, एका बाजूला नेला, मग दुसऱ्या. दोन कोपरं.

"कढई," ती म्हणाली. "हा बघ, हितंच उभा हाय."

धोतरावर तिचा हात, हातावर तुझी सावली. पांढऱ्यावर काळं एवढंच आता तिच्या डोळ्यांना कळतं. इतके रंग जपलेस तू, ते सगळे गेले, आणि जे तू चुलीत घातलं असतंस तेच तिला दिसलं. आनंद मानू की रडू? मी यंत्र तापून वास येईपर्यंत चालू ठेवलं.

तू मला कधी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाहीस. म्हणायचास, "तुझा हात हलतो." हलतो खरा. तरी मी बुरशी पुसून ठेवली आहे. या रविवारी सकाळी आई नवं लुगडं नेसून पायरीवर बसेल, तिला हवे तसे केस विंचरून. मी उन्हाकडे पाठ करून उभी राहीन आणि हाक मारीन. माझी सावली तिच्या पायांपर्यंत गेली तर जाऊ देईन. लपवायला खाली बसणार नाही. आणि दादा, तो रोल मी सोमवारीच पाठवीन, हे वचन.

हात हलणारी तुझी,
शांता