दोन हनुवट्या

प्रिय ताई,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, आई कशी आहे, आणि मी दर वेळी "ठीक" म्हणून मोकळी होते. तू मला ठोकळा म्हणतेस ते उगाच नाही. पण हल्ली दमायला होतं गं. दिवसभर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालच्या किड्यांच्या पायांची चित्रं काढायची, घरी आलं की आईची औषधं, अंथरूण, तिच्या चार घासांसाठी मनधरणी. त्यानंतर बोलायचं त्राण उरत नाही.

गेल्या वर्षी तू आली होतीस तेव्हा मी आईचं चित्र काढलं होतं. प्रयोगशाळेतलं चित्र उतरवायचं उपकरण घरी आणून, टेबलाला त्याची दांडी अडकवून, वरच्या लोलकातून बघत. त्यातून समोरचं माणूस कागदावरच पडल्यासारखं दिसतं, आपण फक्त कडेकडेने पेन्सिल फिरवायची. अट एकच, समोरच्याने हलायचं नाही. आणि समोर आपली आई. "ही कसली चित्रकला, ही तर कॉपी. मास्तरांनी उठवलं असतं तुला," म्हणत तिने मान वळवली आणि हनुवटी दोनदा उमटली. त्या दोन हनुवट्यांना तू इतकी हसलीस की चित्र सोबत घेऊनच गेलीस. अजून आहे ना स्वयंपाकघरात लावलेलं?

रविवारी पुन्हा काढलं. खुर्ची तीच, लोलकाची उंची तीच, फरशीवर जागेच्या खुणा होत्याच. आई एकदाही हलली नाही. मला टोमणाही मारला नाही. मी पेन्सिल ठेवली, दांडी सोडवून पेटीत भरली, तरी ती तशीच बसून होती. मग हळूच म्हणाली, "झालं की सांग हं."

"थोरलीला काही कळवू नकोस, सगळं टाकून धावत येईल," असं तिने मला बजावलंय. मी हो म्हटलंय, आणि दिलेला शब्द मोडायचा नाहीये. म्हणून कळवत काहीच नाही, फक्त चित्र पाठवतेय. मुद्दाम ट्रेसिंग पेपरवर काढलंय. तुझ्याकडच्या चित्रावर ते ठेव आणि आधी खुर्चीच्या पाठीचे दांडे जुळव. ते तंतोतंत जुळतील. मग आईचे खांदे बघ, गाल बघ. माप माझं चुकलेलं नाही, ताई. मी पुन्हा तपासलंय.

तुझाच,
ठोकळा