टिटीनबद्दलच्या तीन थापा

ब्रॅडफर्ड, ४ मार्च २०११

ती. आन्सेल्म आजोबांस,
शर्नेलचा सा. न.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आमच्या सभागृहात कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडला आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्याच्या गोष्टी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून जपून ठेवतोय. सगळे भरभरून बोलले. बोलत नाही ती फक्त तुमची बहीण! मशीन लावलं की आजी सरळ बसते आणि बाईसाहेबांच्या इंग्रजीत सांगते, "मी आले, काम केलं, देवाची कृपा." संपलं.

पुढच्या महिन्यात तिच्या घशाचं ऑपरेशन आहे. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मला तिचा आवाज हवाय, आजोबा. काहीतरी सुचवा. माझ्यावर लोभ आहेच, तो आता जरा कामी आणा.

तुमची नात,
शर्नेल

ला प्लेन, डॉमिनिका, १९ मार्च

चि. शर्नेलला अ. उ. आ.

वेडे, तुझ्या आजीला, म्हणजे आमच्या टिटीनला, कधी विचारायचं नसतं. तिच्यासमोर तिचीच गोष्ट चुकीची सांगायची, मग ती गप्प बसूच शकत नाही. तीन थापा देतो, माझं नाव घेऊन सांग. तिला कॅलालूची भाजी आईसारखी कधीच जमली नाही. जहाजावर ती साऱ्या वाटेत रडत गेली. आणि आई आजारी पडली तेव्हा हिला गिरणीची पाळी जास्त प्यारी झाली, म्हणून आली नाही.

मशीन आधीच चालू ठेव आणि तू जरा लांब बस. ऑपरेशनआधी तिच्यासाठी मेणबत्ती लावतो. म्हाताऱ्याला विसरू नकोस.

आन्सेल्म आजोबा

ब्रॅडफर्ड, २ एप्रिल

चि. आन्सेल्म यास आशीर्वाद. द्यायची इच्छा नाही, तरी देते.

मला कॅलालू जमत नाही? मग तीन-तीन वाडगे ओरपून अंगणात आडवा कोण व्हायचा? आणि जहाजावर मी रडत होते म्हणे! रडणाऱ्या बायकांच्या वेण्या घालून देत होते मी. पोरीनं बरोब्बर पकडलं मला. दुपारभर बोलत होते, तेही आपल्या गावच्या बोलीत.

तिसऱ्या वेळी मात्र माझा तोल गेला आणि तुला कधीच सांगायचं नव्हतं ते तोंडून निघून गेलं. गिरणीत रजा मिळाली नाही, असं तेव्हा मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. आई वाट बघतेय, ये, ही तुझी तार आली ती टिटीनच्या नावानं. मी इथे राहायचे त्या घरात पाच बिऱ्हाडं. तिथे मी जर्मेन रोलँड. टिटीन कोण, कुणालाच ठाऊक नाही. तार जिन्याजवळच्या फळीवर महिनाभर पडून होती. मी पाहिली त्याच आठवड्यात आई गेल्याचं तुझं पत्र आलं.

तू तेव्हा पोरगेलाच होतास. नावाच्या चुकीपायी आईची शेवटची इच्छा राहिली, हे ओझं तुझ्या डोक्यावर नको, म्हणून गप्प राहिले. आता शर्नेल विचारतेय, एवढा भाग पुसू का? मी म्हटलं, आन्सेल्म सांगेल तसं. हे रेकॉर्डिंग आपलं गाव तिकडेही ऐकणार आहे, विचार करून सांग. रागावले तरी माया पातळ झालेली नाही.

तुझी,
टिटीन

ला प्लेन, १६ एप्रिल

ती. टिटीन हिस,
प्रभूच्या नावानं सलाम.

पहिल्या दोन थापा होत्या. तिसरी नव्हती.

इतकी वर्षं मी ते खरंच धरून चाललो होतो. हसत पत्रं लिहिली, तुझ्या पोरांची बारशी साजरी केली, पण आत कुठेतरी तुला माफ केलं नव्हतं. तारवाल्यानं पूर्ण नाव विचारलं होतं गं. आई कण्हत होती, मी घाबरलेलो, आणि मला टिटीनशिवाय तुझं दुसरं नाव आठवेचना.

पुसू नका. एक शब्दही पुसू नका. तिकडे गेलेली माणसं आम्हाला विसरली, असं इथे कितीतरी घरांत बसून बोलतात. त्यांनी ऐकावं. लोक मला हसले तर हसू देत.

काल आईच्या कबरीवर गेलो. तिथे उभा राहून मोठ्यानं सांगितलं, आई, टिटीनला निरोप मिळालाच नव्हता. शेजारच्या कबरीवर फुलं वाहणारी बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग मी पुन्हा एकदा सांगितलं, कारण आईलाही शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं.

ऑपरेशन झालं की लगेच कळव. आजवर सांभाळून घेतलंस, तसंच घेत जा.

तुझा,
आन्सेल्म